कुंकू लावलेलं इंजिन

ती ट्रेन माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी मंडळी येणार आहेत त्यांच्या वागण्यावरून तुम्हाला तसं मुळीच वाटणार नाही.

माझा मामा बोटीवर होता. बोटीवर म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजावर, इलेक्ट्रिकल ऑफिसर. वर्षातले बरेच महिने पाण्यात आणि उरलेले आमच्या कौतुकात. जाताना त्याने विचारलं, काय आणू? मी म्हटलं, रुळावर चालणारी विजेची ट्रेन. धाकट्या भावाने चॉकलेट सांगितलं. मामाने दोन्ही आणलं. चॉकलेट धाकट्याने एकट्याने संपवलं आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही, कारण ते त्याचं होतं. ट्रेनवर मात्र पहिल्या दिवसापासून आमच्या मुलुंडच्या अख्ख्या बिल्डिंगचा हक्क.

खोका माझ्या हातात देऊन मामा गावाला, मालवणला गेला. पुढच्या रविवारी तो जेवायला येणार होता आणि आमच्याकडूनच परत बोटीवर. "आलो की तू मला चालवून दाखवायची," म्हणाला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पुढचा रविवार म्हणजे मला दिवाळीच्याही पुढची गोष्ट वाटत होती.

त्यात आईने एक पाचर मारून ठेवली. "रविवारपर्यंत काय ती हौस करून घ्या. भाऊ येऊन गेला की शोकेसमध्ये." ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी फॉरेनची वस्तू आली त्यांना शोकेस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. टीव्हीशेजारचं काचेचं कपाट. आत सेंटच्या रिकाम्या बाटल्या, एकदाही चहा न प्यायलेला टी-सेट, प्लास्टिकची द्राक्षं. आत गेलेली वस्तू बाहेर आलेली मी कधी पाहिली नाही. चावी आईच्या कमरेला. म्हणजे माझ्या हातात होता फक्त एक आठवडा.

खोक्यातून हिरवं इंजिन निघालं, तीन डबे, जोडून गोल करायचे रूळ आणि एक काळा ट्रान्सफॉर्मर, त्यावर लाल दिवा आणि वेग कमीजास्त करायचं बटण. मी बटणाकडे हात नेला तर आईची चापट बसली. "पूजा नाही, काही नाही, आणि लागली लगेच." आमच्याकडे मिक्सरची पूजा झाली होती, टीव्हीची झाली होती, गॅसची शेगडी तर हार घालून आत आली होती. मग ट्रेनने काय घोडं मारलंय? दिवाणाची फळी जमिनीवर टाकून त्यावर रूळ जोडले. आईने ओल्या हळदीकुंकवाची बोटं इंजिनाच्या नाकावर ओढली, चाकांवर ओढली आणि "इथूनच तर जायचंय तिला" म्हणत रुळांवरही ओढली. वर अक्षता. बाबांनी शेजारीच नारळ फोडला, त्याचं पाणी अर्ध्या रुळांवर. मग आईने धाकट्याला ओवाळलं. त्याचा संबंध काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ट्रान्सफॉर्मरची पिन परदेशी, बारीक. आमच्या भिंतीत ती डुगडुगायला लागली. पण बाबा खचणाऱ्यांतले नव्हते. ते बँकेत कारकून होते आणि घरी इंजिनीअर. त्यांनी पिन कापून टाकली, वायरची टोकं सोलली आणि काडेपेटीच्या दोन काड्यांनी भिंतीतल्या भोकांत ठासली. लाल दिवा लागला. इंजिन घरघरलं, वीतभर पुढे गेलं, आणि कुंकवाच्या बोटांपाशी येऊन थांबलं.

बाबांनी मागून ढकललं. वीतभर गेलं, थांबलं. परत ढकललं. मी म्हटलं, "बाबा, कुंकवापाशीच थांबतंय. पुसून बघूया?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय पुसूया म्हणालीस? कुंकू?" तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "माझा भाऊ समुद्रावर जायचाय आणि ही कार्टी त्याच्या वस्तूवरचं कुंकू पुसायला निघाली. जिभेला हाड आहे का तुझ्या?" बाबा हसले आणि म्हणाले, "अगं, कुंकवाचा आणि करंटचा काय संबंध? तू गप बस. हात लावू नको, शॉक लागेल."

कुंकू पुसण्याचा विषय तिथे कायमचा बंद झाला. राहिलं होतं ते इंजिन, रूळ, ट्रान्सफॉर्मर, भिंत आणि मुलुंडचा वीजपुरवठा. मग बाबांनी आणि शेजाऱ्यांनी एकेक करून ह्या सगळ्यांवर संशय घेतला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या ब्लॉकमधले काका आले. त्यांनी कधीकाळी पोस्टाने रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला होता आणि त्या दिवसापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असायचा. बिल्डिंगमधला कुठलाही रेडिओ त्यांच्या हाताखालून गेला की कायमचा शांत व्हायचा. त्यांनी रुळाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. "करंटच नाही," त्यांनी निकाल दिला. आता, त्या ट्रान्सफॉर्मरमधून बारा व्होल्ट बाहेर येतात आणि तो टेस्टर घरातल्या दोनशेतीस व्होल्टांसाठी असतो, हे मला दोन वर्षांनी शाळेत कळलं. त्यांना कोर्समध्ये सांगितलं नसावं, किंवा तो धडा पोस्टात गहाळ झाला असावा.

पुढचे आले वरच्या मजल्यावरचे काका. ते ट्रॉम्बेला अणुकेंद्रात कामाला होते. ट्रॉम्बे म्हटलं की लोक त्यांच्याकडे अणुबॉम्ब खिशात असल्यासारखे बघायचे. ते तिथे स्टोअरमध्ये खुर्च्या-टेबलांचा हिशेब ठेवायचे, पण हे त्यांनी स्वतःहून कधी कोणाला सांगितलं नाही. ते खाली वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हं. लोड." सगळ्यांनी माना हलवल्या. लोड म्हणजे काय, कोणाचा, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. त्यांच्या सल्ल्याने बाबांनी टीव्हीचा स्टॅबिलायझर काढून ट्रेनला जोडला. टीव्ही बंद, ट्रेनही बंद. शेवटी काका म्हणाले, "थोडं तेल दिलंत का?"

इथे खरी वाट लागली. आपल्या लोकांचा शिलाई मशीनच्या तेलावर देवापेक्षा जास्त विश्वास. दार करकरलं, तेल. सायकल अडली, तेल. पंखा, कुलूप, आजोबांचा गुडघा, काहीही असो, आधी तेल. बाबांनी आईच्या मशीनचं तेल काढलं आणि इंजिनाच्या चाकांना दिलं. मग हात मोकळा सुटला म्हणून रुळांनाही दिलं, गोल फिरत, प्रसाद वाटल्यासारखं. हळद, कुंकू, नारळाचं पाणी आणि मशीनचं तेल मिळून रुळांवर चिकट काळपट लेप बसला. आता इंजिन वीतभरही जाईना. "बघा," रेडिओवाले काका म्हणाले, "मोटार गेली."

हे रोज संध्याकाळी चालायचं. ऑफिस सुटलं की पाय धुऊन दोन्ही काका हजर. माझं काम होतं बॅटरी धरून उजेड दाखवणं आणि मध्येच उठून चहा टाकणं. "नीट धर गो, हात हलतोय तुझा," बाबा म्हणायचे. धाकटा बाबांच्या मांडीवर, इंजिन त्याच्या हातात. त्याला शॉक लागत नसे. तो पाच वर्षांचा होता आणि इंजिनाचं धुराडं चाटायचा, तरी नाही.

शुक्रवारी रेडिओवाल्या काकांनी स्क्रू ड्रायव्हर दोन रुळांवर आडवा ठेवला आणि ट्रान्सफॉर्मरचा लाल दिवा गेला. खोलीत सुतक पसरलं. कोणी कोणाकडे बघेना. बाबा आईला दबक्या आवाजात म्हणाले, "भावाला सांगू नको तुझ्या. म्हणू, तसाच आला." मला रडू आलं आणि मी बॅटरी हातात घेऊनच रडले. "आता हिला काय झालं?" ट्रॉम्बेवाल्या काकांनी विचारलं. आडवा स्क्रू ड्रायव्हर पडला की ट्रान्सफॉर्मर स्वतःला वाचवायला बंद होतो, इतकंच झालं होतं. काकांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, थोड्या वेळाने दिवा आपोआप लागला. त्या थोड्या वेळात बाबांनी वायर हलवली होती, एका काकांनी फुंकर मारली होती आणि दुसऱ्यांनी ट्रान्सफॉर्मर उलटा केला होता. तिघांनी श्रेय घेतलं. चौथा कप चहा झाला.

रविवारी मामा आला. कोंबडी-वडे झाले, सोलकढी झाली, आणि दोन्ही काका आपापल्या घरी जेवून थेट आमच्याकडे येऊन बसले. मामाने फळीवर बघितलं, रुळावरून बोट फिरवलं, वास घेतला. "भावोजी, गाडी आहे की लोणचं घातलंय? रुळांना तेल कोणी लावलं?"

बाबांनी ट्रॉम्बेवाल्यांकडे बघितलं. ट्रॉम्बेवाल्यांनी रेडिओवाल्यांकडे. रेडिओवाल्यांनी पंख्याकडे.

"रुळांतूनच करंट चाकांत जातो," मामा म्हणाला. "मध्ये तेल आणि कुंकवाचा थर असल्यावर कसा जाईल? ताई, स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट दे आणि एक फडकं."

आई जागची हलली नाही. "कुंकू आहे रे ते."

"ताई, इंजिनाला नवरा नसतो."

आईने स्पिरिट दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याचं पुसणं चालू असताना तिने खोक्याच्या झाकणावर गुपचूप नवीन कुंकू लावून घेतलं. मामाने रूळ पुसले, चाकं एकेक करून पुसली, भिंतीतल्या काड्या बघून कपाळाला हात लावला, आणि गाडी सुटली. पूर्ण गोल. परत गोल. इतकी सुरेख फिरत होती की माझ्या अंगावर काटा आला. मनात आलं, संपलं एकदाचं, आता मी.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, कॉन्टॅक्ट," रेडिओवाले काका म्हणाले. ट्रॉम्बेवाले म्हणाले, थिअरी तीच. बाबा म्हणाले, स्टॅबिलायझरमुळे मशीन वाचलं नाहीतर कधीच जळलं असतं.

"ये गं मालकीणबाई," मामाने मला बोलावलं. मी पुढे सरकले.

"थांब, जरा सेट होऊ दे," म्हणत बाबांनी बटण धरलं. त्यांनी चालवली. मग "बघू बघू" करत रेडिओवाल्यांनी चालवली. मग धाकट्याला मांडीवर घेऊन बाबांनी परत चालवली, म्हणजे त्याने नुसतं हाताला हात लावला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ट्रॉम्बेवाल्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं, इंजिन वळणावर उडालं आणि फरशीवर आदळलं. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? म्हणून म्हणतो, पोरांचं काम नाही हे." मी तोपर्यंत त्या फळीपासून चार हात लांब उभी होते. मामाने इंजिन उचलून तपासलं, बरं होतं. घड्याळ बघितलं. "चहा टाक गं बाळा, मग निघतो."

मी चहा टाकला. आलं किसलं, दूध घातलं, उकळी येईपर्यंत उभी राहिले. बाहेर हसण्याचे आवाज येत होते आणि गाडीचा आवाज येत होता. मग फक्त हसण्याचे येत होते.

ट्रे घेऊन बाहेर आले तर फळी दिवाणावर परत गेली होती. इंजिन, डबे आणि वेटोळं घातलेली वायर शोकेसमध्ये, द्राक्षांच्या बाजूला. आई चावी कमरेला खोचत होती.

"माझी चालवायची राहिली," मी म्हटलं.

मामा बुटाची नाडी बांधत होता. "अगं, गाडी चालली ना? तेच महत्त्वाचं."

"पण ती माझी आहे."

"तुझीच आहे की," बाबा कप उचलत म्हणाले. "तुझी आहे म्हणून तर एवढी जपून ठेवतोय."

मी एकेकाकडे बघितलं. सगळे चांगल्या मूडमध्ये होते, पोट भरलेले, काम फत्ते झालेले. रागाने माझे कान तापले होते. ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "मामा, पुढच्या वेळी मला बाहुली आण." बाहुलीचं लोड तपासायला वरून कोणी उतरून आलं नसतं आणि तिला तेल द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नसतं, एवढाच माझा हिशेब होता.

मामा हसला. "आणतो. मोठी आणतो." आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दोन्ही काका एकमेकांकडे बघून मान डोलावत होते. बाबा तर इतके खूश झाले, तेवढे ते गाडी चालली तेव्हाही झाले नव्हते. "आता कसं पोरीसारखं बोललीस," म्हणाले आणि त्यांनी मला स्वतःच्या बशीतला चहा दिला.