मोरचुदाचे डाग आणि गाडीची किल्ली

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. दिंडोरीच्या पुढे माझं माहेर, तिथे नाशिकहून मी पहिल्यांदा एकटी गाडी चालवत गेले. वय सत्तेचाळीस, लायसन्स सहा महिन्यांचं... आणि शेजारची सीट रिकामी.

ती सीट रिकामी असण्याचं सुख सांगून कळणार नाही. नवरा शेजारी बसला की "ब्रेक... अगं ब्रेक..." असा जप चालू असतो. त्या दिवशी फक्त मी आणि रेडिओ.

गाडी लावली द्राक्षबागेच्या बांधाला, बाभळीखाली. दुपारी भाऊ बोर्डो फवारणार, हे जेवताना कानावर आलं होतं. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी, बागेवरच्या रोगाचं औषध. शेतकऱ्याची मुलगी मी, मला हे सांगायला नको. पण ठेचा, भाकरी आणि गप्पांच्या नादात गाडी हलवायची राहिली.

संध्याकाळी बघते तर माझ्या मरून गाडीवर निळसर पांढरे ठिपकेच ठिपके... छत, बॉनेट, आरसे, काही सोडलं नव्हतं. ट्रॅक्टरचा ब्लोअर बांधाजवळून गेला होता आणि वारा नेमका गाडीकडे होता.

भाऊ म्हणाला, "मला वाटलं तू हलवली असंल. पुढच्या टायमाला दाजींनाच आण बरं का ताई, गाडी चालवायला." घ्या! डाग फवारणीचे आणि खापर माझ्या ड्रायव्हिंगवर.

घरी नवऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "राहू दे आता. तुला कुठे जायचं असेल तर मी आहे ना." हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, म्हणून जास्त लागतं. दारामागच्या खिळ्यावरची किल्ली त्या दिवशी त्याच्या कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी मी सगळा राग गाडीवर काढला. हातात आली ती भांड्यांची घासणी, आणि करपलेली कढई घासावी तशी बॉनेट घासली. डाग तसेच, वर गोल गोल ओरखडे! बादली उलटी घालून पार्किंगमध्येच बसले आणि रडले... खरं सांगते.

मग गॅरेजवाल्याला पार्किंगमध्येच बोलावून दाखवली. "बॉनेट आणि छत रंगवावं लागेल मॅडम. साहेबांना पाठवा, मी त्यांच्याशी बोलतो."

साहेबांना?? गाडी माहेरी मी नेली, डाग मी पाडून घेतले, ओरखडे माझ्या हातचे... यात साहेब कुठून आले? तिथेच ठरवलं, आता हे डाग मीच काढणार. नाही निघाले तर ठिपक्यांची गाडी चालवीन, पण चालवीन मीच.

फोन भावाला नाही, भावजयीला केला. बाग फवारतो भाऊ, पण फवाऱ्याचे नोझल धुते सुनंदा. ती हसायलाच लागली. "ताई, घासायचं नाय ओ! चुन्यानं नोझल चोंदले का मी व्हिनेगारच्या पाण्यात भिजत घालते. दम धरायचा, आपोआप सुटतं."

गाडी सावलीत घ्यायची होती. कपाट उघडलं, किल्ली घेतली... विचारलं नाही.

निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावून पाहिलं, रंगाला काही झालं नाही. मग गार पत्र्यावर ओली फडकी पसरून पाच-सात मिनिटं थांबायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. पहिलं फडकं उचललं तेव्हा ते निळसर झालं होतं, आणि खाली माझा मरून रंग! पार्किंगमध्ये एकटीच ओरडले.

सोसायटीतले सल्लागार जमलेच. एक म्हणाले टूथपेस्ट लावा, दुसरे म्हणाले रॉकेल. तिसऱ्यांनी विचारलं, "मिस्टर घरी नाहीत का?" मी म्हटलं, "आहेत की, वर कुकर लावतायत." खरंच लावत होता, मीच सांगून आले होते.

डाग गेले तरी पत्रा निस्तेज दिसत होता, आणि ओरखडे होतेच. मग पुढचा रविवार रबिंग पॉलिशचा. मऊ कापड, हलका हात, एका वेळी वीतभर जागा, शेवटी वॅक्स. दंड भरून आले, पण संध्याकाळी बॉनेटमध्ये समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसायला लागले. घासणीचे दोन ओरखडे मात्र राहिलेत... ते माझेच, राहू देत.

नवरा खाली आला, आरशावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "छान झाली गं. आता जपून वाप—" वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी किल्ली पर्समध्ये टाकली. आता ती तिथेच असते.

परवा पुन्हा माहेरी गेले, एकटीच. आधी वारा पाहिला, फवारणीचं विचारलं आणि गाडी अंगणात लावली. भाऊ म्हणाला, "दाजी नाय आले?" मी म्हटलं, "त्यांना कुठे जायचं असेल तर मी आहे ना."

सुनंदा ओले हात पदराला पुसत आली. गाडीभोवती फिरली, बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा पाहिला. मला वाटलं शेजारी बसेल, म्हणून मी ते दार उघडलं. तर ही दुसऱ्या बाजूने जाऊन सरळ स्टिअरिंगसमोर बसली!

"आता सांगा ताई... यातला क्लच कोणता?"

भाऊ ओट्यावरून ओरडला, "अगं ए! आत्ताच चमकवली तिनं गाडी, ठोकशील! निदान पितृपक्ष तरी संपू दे!"

दोन रविवार घालवून आणलेली चमक होती ती. पण हिच्याच एका वाक्यावर माझी किल्ली परत आली होती. मी शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला.

"डावा पाय. पूर्ण दाब. आणि ओरखडा पडला तर पडू दे सुनंदा... काढता येतो आपल्याला."

पूर्ण अंगणभर मी "ब्रेक" हा शब्द एकदाही उच्चारला नाही.