लाल झालेली पांढरी साडी

आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी तुम्ही नातवंडांनी लग्नातला जुना फोटो परस्पर मारेगावच्या स्टुडिओवाल्याच्या फोनवर पाठवलात. सगळा काळा-पांढरा ठेवा, आजीच्या साडीला तेवढा लाल रंग द्या, असेही कळवलेत. सध्या हीच फॅशन आहे म्हणे. राखाडी रस्त्यावर एक लाल छत्री, राखाडी बाळाच्या हातात एक लाल फुगा. पाहणाऱ्याने कुठे पाहायचे, तेही आता संगणकच ठरवतो.

मी मूळ फोटो लेबल लावलेल्या पाकिटातून काढून तुमच्या आजोबांसह स्टुडिओत गेले, तर पडद्यावर मी आधीच लाल होऊन उभी!

"काकू, कशी उठून दिसून राह्यली साडी!"

"माझी साडी पांढरी होती."

"जुना फोटो हाय न. कलर उडला असन."

"ब्लॅक अँड व्हाइट फोटोतला?"

"पण नवरी पांढऱ्यात कशी राहीन?"

असेच वाक्य मी लग्नाच्या दिवशीही ऐकले होते. आपण बौद्ध, आपली नवरी पांढऱ्या साडीत असते. पण आमच्या गल्लीतले त्या रीतीचे ते पहिलेच लग्न होते. ती साडी मिळवायला आईने चार दुकाने पालथी घातली होती. प्रत्येक दुकानदार तिच्यापुढे लाल शालूच उलगडत होता. मांडवात शेजारीण तिला म्हणाली, "पोरगी नवरी हाय का विधवा?" आई म्हणाली, "चष्मा लावून पाह्य. नवरीच हाय."

चार दुकानदारांना जे जमले नाही, ते तुम्ही एका बोटाने करून टाकलेत. आता तो फोटो दिवाणखान्यात लागणार होता, आणि माझ्यानंतर तुम्ही त्यालाच खरा मानणार होतात.

"लाल काढा," मी म्हणाले.

"मंग कलर कायले देऊ? एक तरी वस्तू रंगीत पाह्यजे न!"

"साडी सोडून सगळ्याला द्या."

"उलटं?"

"उलटं."

पंख्याखाली बसलेले तुमचे आजोबा जागे झाले. "माझा टाय निळा होता."

"टाय उसना होता आणि तपकिरी होता."

"ज्याचा होता तो गेला. निळा कर, बाप्पा."

तसे झाले. भिंत गुलाबी, टाय निळा, आणि आजोबांचे ओठ असे लाल, की नाटकातून थेट बोहल्यावर आल्यासारखे वाटतात. साडी मात्र आईने आणली तशी.

काल समोरच्या घरची सून फोटो पाहून म्हणाली, "काकू, साडी रंगवाची राह्यली वाटते."

मी तिला चहा दिला आणि चारही दुकाने क्रमाने सांगितली. आजोबांच्या ओठांबद्दल मात्र तिला काहीच विचारावेसे वाटले नाही.