विनिताचं काल दिवसभराचं खाणं

२००४ साली विनिता देउस्करला एका आहार-पाहणीत काम मिळालं. देशभरातल्या लोकांच्या पोटात ड जीवनसत्त्व नेमकं किती जातं, हे मोजायची ती पाहणी होती, आणि विनिताच्या वाट्याला वसई तालुक्यातली साठ घरं आली होती. गृहविज्ञानाची पदवी लग्नानंतर अठरा वर्षं कपाटात पडून होती. ती आता उपयोगी पडली.

विरारला फुलपाड्यातल्या आपल्या घरातून ती सकाळी वजनकाटा आणि फॉर्मांची फाइल घेऊन निघायची. कुणाच्या स्वयंपाकघरात बसून शिजायच्या आधीचं धान्य तोलायचं, मासळी तोलायची, जेवणं झाली की ताटात उरलेले माशाचे काटे तोलून वजा करायचे. मग आदल्या दिवशी कोणी काय खाल्लं ते एकेकाला विचारून लिहायचं. उन्हात किती वेळ असता, हाही एक प्रश्न होता. नायगावच्या एका गृहस्थांनी तर हात वर केले, "काल काय खाल्लं ते बायकोला विचारा. मी फक्त ताटावर बसतो."

सगळ्यांची खोदून खोदून चौकशी करणारी विनिता स्वतःबद्दल मात्र अवाक्षर काढत नव्हती. दोन वर्षांपासून तिच्या मांड्या आणि कंबर ठणकत होती. जिना चढताना कठड्याला धरून अंग ओढावं लागे. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. मांडी दुखते म्हणता म्हणता आठ महिन्यांत ती हाडाच्या कॅन्सरनं गेली. म्हणून विनिता डॉक्टरची पायरीच चढत नव्हती. नवऱ्याला, जितेंद्रला, तिनं 'वाताचं असेल' असं सांगून ठेवलं होतं आणि मुकाट्यानं बाम चोळत होती.

डिसेंबरात ती वसईजवळच्या सांडोर गावात क्लेमेंटीनबाईंकडे गेली. सत्तरीच्या या बाई अजून केळीच्या वाडीत सकाळभर राबत. त्यांची सून ज्युली चुलीवर बांगड्याचं कालवण करत होती. विनितानं पाटावर बसून सगळं तोललं, लिहिलं आणि उठायला गेली, तर पायांत बळच येईना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी ज्युलीनं काखेत हात घालून तिला उभं केलं.

"कधीपासून गं बाय?" क्लेमेंटीनबाईंनी विचारलं.

"काही नाही मावशी, पायाला मुंग्या आल्या."

"मुंग्या आल्यावर माणूस हसतं. तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय."

विनिताच्या तोंडून आईचं नाव निघालं आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या स्वयंपाकघरात बाहेर पडलं. क्लेमेंटीनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग फाइलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमाला विचारतेस ना? आता तू सांग. काल काय खाल्लंस?"

ज्युलीनं एक कोरा फॉर्म ओढला. चहा दोन वेळा. पोळ्या तीन. फ्लॉवरची भाजी. आमटी-भात. मासळी नाही, अंडं नाही, घर शाकाहारी.

"आणि ऊन?" ज्युलीनं पुढचा प्रश्न वाचला.

चेहऱ्यावर वांगाचे डाग होते म्हणून विनिता लांब बाह्या, स्कार्फ आणि छत्रीशिवाय बाहेर पडतच नसे. ऐन उन्हाचे तास दुसऱ्यांच्या चुलीपाशी जात. फुलपाड्याच्या तिच्या खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती. "ऊन... नाहीच म्हण," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं सवयीनं कोष्टकातून बेरीज मांडली. पोळी, भात, आमटी, भाजी, सगळ्यांपुढे शून्य. चहातल्या दुधाचा काय तो कण. क्लेमेंटीनबाईंचा दिवसाचा आकडा नऊ मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता. विनिताचा अर्ध्या मायक्रोग्रॅमवरही पोचत नव्हता. ती त्या आकड्याकडे बघत बसली. शेकडो फॉर्म भरताना हाच आकडा आपल्या हाडांनाही लागू असेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पण दुखणं एवढंच असेल अशी आशा धरायचीही भीती वाटत होती.

दोन दिवसांनी ज्युली तिला वसईच्या व्हिन्सेंट डॉक्टरांकडे घेऊन गेली. एक्सरे झाला, रक्त मुंबईला तपासायला गेलं. त्या नऊ दिवसांत विनिताला अन्न गोड लागलं नाही.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "गाठ-बिठ काही नाही. हाडं मऊ पडलीत, ड जीवनसत्त्व तळाला गेलंय. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची, रोज कॅल्शियमची गोळी, आणि ऊन अंगावर घ्यायचं. बऱ्या व्हाल."

"नक्की तेच आहे ना?" तिनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी न कंटाळता "तेच" म्हणून सांगितलं. बाहेर बाकावर बसून ती हसली, रडली, आणि ज्युलीच्या पिशवीतली दोन केळी तिनं तिथेच खाल्ली. कित्येक दिवसांनी तिला खरीखुरी भूक लागली होती.

संध्याकाळी तिनं जितेंद्रला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू भिंतीला धरून उठतेस ते मला दिसत होतं. मलाही आईच आठवायच्या. विचारायचा धीर होत नव्हता." दोघं एकाच भीतीला एकाच घरात वेगवेगळे कवटाळून बसले होते. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

मार्चपर्यंत ठणका ओसरला. विनितानं साठही घरं पुरी केली आणि फॉर्म मुंबईला पाठवले. तिचा स्वतःचा फॉर्म त्यात जाणं शक्य नव्हतं. पाहणी करणाऱ्याला मोजणीत धरत नाहीत. जूनमध्ये ती जिना कठड्याला हात न लावता चढली, आणि वर पोचल्यावर, खात्री करायला, पुन्हा खाली उतरून एकदा चढली.