'स्वल्प' नावाचा फोल्डर

आमच्या बसवनगुडीच्या गोतावळ्यात कॉम्प्युटरमधला शहाणा मीच. कुणाचा फोन भरला, कुणाचे मुंजीचे फोटो उडाले, की मला बोलावणं येतं. मी जातो, निस्तरून देतो आणि वर व्याख्यान झोडतो, की बाबांनो, एकाच जागी ठेवलेली वस्तू गेलीच समजा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण माझ्याकडे बघूनच केली असावी.

गेल्या वर्षी मी घरी नवा कॉम्प्युटर जुळवला. नातेवाइकांच्या लग्नामुंजींचे व्हिडिओ एडिट करायला, असं बायकोला सांगितलं. गेम खेळायला, हे तिनं न सांगताच ओळखलं. पंचेचाळिशी उलटली तरी बंदुका घेऊन पळायची हौस फिटत नाही, म्हणाली. मी दुर्लक्ष केलं आणि चक्क कागदावर आराखडा काढला. एक वेगवान एसएसडी, तिच्यावर गेम आणि हातातलं एडिटिंग. एक मोठी हार्ड डिस्क, तिच्यावर पुरं झालेलं काम. आणि तिसरी डिस्क कपाटात, दर रविवारी जोडून बॅकअप घ्यायला.

एसएसडीवरचा एक फोल्डर मात्र मी बॅकअपमधून मुद्दाम वगळला. त्याचं नाव 'स्वल्प'. आमच्यासारख्या इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांत हा कन्नड शब्द दिवसभर चालतो. मीठ स्वल्प घाल, स्वल्प सरक, स्वल्प थांब. थोडा वेळ ठेवायचं आणि मग फेकून द्यायचं असं सगळं त्या फोल्डरात जायचं. त्यासाठी बॅकअपची जागा कशाला अडवा, असा माझा विचार. फार हुशारीचा वाटला होता तेव्हा.

मग एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, मारतहळ्ळीहून, अक्का आली, माझी मोठी बहीण. तिचा फोन भरला होता. त्यात आईचे चौदा व्हिडिओ होते. आई ओट्याशी उभी राहून हुळीची आमटी, चित्रान्नाचा भात, पुरणपोळी करतेय आणि तोंडाचा पट्टा चालू आहे. शेजारणीला, सुनेला, करपणाऱ्या कढईला, सगळ्यांना नावं ठेवून होताहेत. अक्कानं ते लेकीसाठी काढले होते. मी घाईत होतो. सगळे 'स्वल्प'मध्ये टाकले, सवडीनं नीट लावू म्हणून. फोनमधून पुसायला अक्काचा हात धजेना. नक्की ना, नक्की ना, करत राहिली. मला राग आला. एवढं कळतं मला, आणि ही विश्वास ठेवत नाही.

"पूस गं बिनधास्त," मी म्हटलं. "माझ्याकडे आहेत."

तिनं पुसले.

दीड महिन्यानं एक नवा गेम घ्यायचा होता. प्रचंड मोठा. एसएसडीवर जागा नव्हती. मी 'स्वल्प' उघडून आत काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. सगळं निवडलं, उडवलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

त्यानंतर दोन महिन्यांनी आईला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात सावरला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, सरी. आमच्याकडे बरं, ठीक, चालेल, सगळं या एका सरीत भागतं. जेवलीस का? सरी. दुखतंय का? सरी. नाव काय तुझं? तरी सरीच.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी अक्काला सांगितलं, तिच्याच आवाजातलं जुनं काही असेल तर रोज ऐकवा, त्याच्यासोबत तिलाही म्हणायला लावा, उपयोग होईल. अक्काचा लगेच मला फोन. किती आनंदात होती. फोन ठेवून मी 'स्वल्प' उघडला, तो रिकामा.

दुसऱ्या दिवशी एसएसडी काढून एस. पी. रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात नेली. दुकानदारानं तपासली आणि कन्नडमध्ये समजावलं. जुनी हार्ड डिस्क असती तर काहीतरी खरवडून काढलं असतं, एसएसडी पुसलेलं आपलं आपणच साफ करून टाकते, सर. मग अगदी सभ्यपणे विचारलं, बॅकअप नाही का? मी एसएसडी खिशात घालून बाहेर पडलो.

आणि मग तीन आठवडे मी ताकास तूर लागू दिली नाही. कॉम्प्युटर बिघडलाय, स्वल्प थांब अक्का. ऑफिसात काम आहे, स्वल्प थांब. ती थांबायची. तोवर आमच्या घरी येऊन आईसमोर बसून स्वतःच आईसारखं बोलायची, कढईला शिव्या घालायची, आणि आई नुसती बघायची. हे मी दारात उभा राहून पाहिलंय. माझ्याइतका भेकड माणूस आमच्या घराण्यात झाला नसेल.

शेवटी एका रविवारी अक्का पेन ड्राइव्ह घेऊनच आली. आई खुर्चीत बसली होती. मी दोघींसमोर सगळं सांगितलं. फोल्डर, गेम, एस. पी. रोड, तीन आठवड्यांची थापेबाजी.

अक्का पेन ड्राइव्हचं टोपण काढून बसली होती. मग तिनं विचारलं, "गेम तरी पुरा खेळलास का?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "चार दिवसांत कंटाळा आला. काढून टाकला."

तिनं पेन ड्राइव्हला टोपण लावलं आणि ती आत निघून गेली.

मी आईसमोर खाली बसलो. तिचा हात हातात घेतला. "आई, चुकलं माझं."

"सरी," आई म्हणाली.

मला रडू आलं. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. तेवढ्यात बायकोनं आतून विचारलं, कॉफी ठेवू का?

"सरी," आई म्हणाली, अगदी त्याच आवाजात.