घाम आलेली बाटली

परमुलखात, डमडमला, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेतात. मी मदतीला जाते. काकू कधीच उत्तर सांगत नाहीत. पदराला हात पुसत फक्त "बरं, मग?" म्हणतात.

त्या दिवशी विषय होता जलचक्र. काकूंनी फ्रिजमधली बंद बाटली टेबलावर ठेवली आणि पाण्याच्या पातळीला रबरबँड लावला. थोड्या वेळात बाटलीवर थेंब जमले.

"काकू, बाटली लीक होतेय!" मुलं ओरडली.

"बरं, मग?"

ईरा वर्गात कधीच बोलत नसे. आजही बोलली नाही तर तिला पाठवणं बंद, असं तिची आई सांगून गेली होती. ईराने बाटली पुसली. थेंब पुन्हा आले. तिने रबरबँडकडे पाहिलं.

"आतलं पाणी तेवढंच आहे," ती हळूच म्हणाली. "हे हवेतून आलं."

काकूंनी उठून तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः सतरंजीवर बसल्या. ईराने अडखळत, पण थेट ढगापर्यंत सगळं सांगितलं.

काकूंनी हात वर केला. "बाई, मग ढगातलं पाणी खाली कसं येतं?"

ईराने फ्रॉकला हात पुसले. "बरं, मग?"

तिला न्यायला आलेल्या आईने दारात चपला काढल्या आणि ती आमच्यात येऊन बसली.