भंगाळ्यांनी निवडलेली पावडर

दत्तप्रसाद भंगाळे कामावरून घरी आले की चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावत. ओट्यावर दोन डबे एकदम उघडे दिसले, की त्यातल्या एकाला मुकाट्याने झाकण लावत आणि मग पाय धुवायला जात.

"अहो, धने आणि जिरे आहेत ते," मृणालिनी म्हणे. "एकमेकांच्या अंगावर सांडले तरी बिल्डिंग उडणार नाही."

"सवय वाईट," भंगाळे मोरीतून म्हणत. "एका टेबलावर एकच डबा."

ती सवय काडतुसांची होती. जळगावकडच्या एका काडतुसांच्या कारखान्यात भंगाळ्यांनी अठरा वर्षं पावडर तपासण्यात घालवली. मग एका ओळखीच्या माणसाने त्यांना आखातातल्या अजमानजवळच्या एका शूटिंग क्लबात आणलं. वाळूत उभा असलेला तो क्लब, त्याच्या मागच्या अंगाला एक थंडगार खोली, आणि त्या खोलीचे भंगाळे एकटे राजे. नेमबाज सराव करून गेले की जमिनीवर पितळी पुंगळ्यांचा सडा पडे. काडतूस उडाल्यावर जी रिकामी नळकांडी उरते ती पुंगळी. भंगाळे त्या गोळा करून धूत, तळाची ठिणगी देणारी जुनी टोपी काढून नवी बसवत, मापून पावडर घालत, वर शिशाची गोळी दाबत, आणि काडतूस पुन्हा नवं. अमेरिकेत म्हणे हौशी लोक हे आपल्या घरी, गॅरेजात बसून करतात. इथे मात्र चिमूटभर पावडर क्लबाच्या फाटकाबाहेर नेली तरी पोलिस आणि व्हिसा दोन्ही दारात उभे राहिले असते.

"बरं आहे आपल्याकडे गॅरेज नाही ते," मृणालिनी म्हणायची. "नाहीतर मला लोणच्याच्या बरण्या कुठे ठेवायच्या ते विचारायला लागलं असतं."

गावी फोनवर बोलताना भंगाळे नेहमी 'पावडर'च म्हणत. एकदा चुकून "या महिन्यात दारू निवडायचंच काम चाललंय" असं आईला म्हणाले, तेव्हा पलीकडून बराच वेळ फक्त खरखर ऐकू आली होती.

एकोणीसशे नव्याण्णव सालच्या जानेवारीत क्लबाच्या कमिटीने एक कागद पाठवला. कमिटीचे प्रमुख म्हणजे तिथल्या पोलिसातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे अरब कर्नलसाहेब. त्यांनी भंगाळ्यांना बोलावून, तिकडच्या रीतीने 'सिद्दीक' म्हणजे दोस्त म्हणत, हिंदीतच सांगितलं, "सिद्दीक, तुम आदमी अच्छा है. लेकिन मेंबर लोग बोलता है, हाथ से भरा हुआ काडतूस, उसमें मिस्टेक हुआ तो? बाहर से तैयार माल आता है. रूम बंद करो, बोलता है. मैंने बोला, एक चान्स. शुक्रवार के बाद वाला शुक्रवार, तुम दिखाओ. एक पावडर पसंद करो, कमिटी को समझाओ. नहीं समझा, तो खलास."

खलास म्हणजे नोकरी खलास, व्हिसा खलास. आणि मुग्धाची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. फेब्रुवारीत गाशा गुंडाळून गावी गेलं तर पोरीने परीक्षा द्यायची कुठून? भंगाळे घरी आले ते ओट्याकडे न बघताच खुर्चीत बसले. ओट्यावर तीन डबे उघडे होते. मृणालिनीने ते पाहिलं आणि गॅस बंद केला.

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. मुग्धा भूगोलाच्या पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, यू नो पावडर्स बेटर दॅन एनीबडी. जस्ट टेल देम."

"सांगायचंच तर अवघड आहे बेटा," भंगाळे म्हणाले. आणि ते खरं होतं. पावडरीसमोर सिंह असलेला हा माणूस चार लोकांसमोर उभा राहिला की शर्टाच्या बटणाशी खेळायला लागे.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाली, मुग्धाची नव्हे, पावडरींची. क्लबाकडे परवान्यावर आलेले तीन डबे होते. पहिली पावडर काळी, बारीक, मोहरीहून लहान गोल दाण्यांची आणि वजनदार. ती इतकी तेज की रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीच्या तळाशी नखाएवढी घातली तरी काम होई. ही रेंजमास्तर अन्वरची लाडकी. अन्वर पेशावरचा, आवाज ढोलासारखा, मन खव्यासारखं. "भंगाळे भाई, इसमें बरकत है," तो म्हणे. "एक डब्बा खोलो, महीना निकालो."

दुसरी पावडर संथ. तिला पेटायला वेळ हवा आणि रिव्हॉल्व्हरची नळी तर वीतभर. नळी संपे, पण तिचं जळणं संपत नसे. मग उरलेली पावडर बाहेर येऊन हवेत जळे आणि टोकाशी कलिंगडाएवढा जाळ निघे. गोळीला त्याचा उपयोग शून्य. पण कर्नलसाहेबांना तो जाळ फार आवडायचा. पहिल्याच बारानंतर ते गॉगल वर करून म्हणाले होते, "माशाल्ला! ये है पिस्तौल!"

तिसरी पावडर राखाडी, चपट्या पापुद्र्यांची, फुगीर आणि हलकी. पोह्यांच्या डब्याच्या तळाशी उरणाऱ्या भुशासारखी. एका काडतुसाचं माप घातलं की पुंगळी अर्ध्याहून वर भरून जाई. आवाज मवाळ, जाळ नाहीच. अन्वरने ती चिमटीत धरून तोंड वाकडं केलं. "ये बकरी का चारा किसने मंगवाया?"

भंगाळ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी आठ दिवस तिन्ही पावडरींची काडतुसं भरली, गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावरून उडवली आणि आपल्या लांबट वहीत आकडे मांडले. एक पावडर टेबलावर असताना बाकी दोन डबे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली खिशात. अन्वर दारात उभा राहून म्हणे, "भाई, ये पावडर है के तीन बीवियां? एक के सामने दूसरी को निकालते ही नहीं!"

"तू आत आलास तर चौथा डबा तुझा," भंगाळे मराठीत पुटपुटत, आणि अन्वर न कळूनही हसे.

क्लबात खऱ्या अर्थाने नेम असलेली व्यक्ती एकच, शहनाझ. दातांची डॉक्टर, लाहोरची, कमिटीची सभासद, आणि बंद करा म्हणणाऱ्यांत सर्वांत पुढे. हाताने भरलेल्या काडतुसावर तिचा विश्वास नव्हता. तरी तिने तिन्ही प्रकारची काडतुसं उडवून पाहिली. पहिल्या पावडरीने मनगट झटकलं गेलं, दुसरीच्या जाळाने डोळे दिपले. तिसरीच्या सहा गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जागेत लागल्या. ती निशाणाचा कागद हातात धरून म्हणाली, "ये वाली अच्छी है. मगर भंगाळे साहब, मेरा सवाल निशाने का नहीं है. मैं दिन में बीस लोगों के मुँह में औज़ार डालती हूँ. मुझे पता है, थका हुआ हाथ क्या करता है. आपका हाथ थके तो?"

या प्रश्नाचं उत्तर भंगाळ्यांकडे होतं. सांगता मात्र येईना. घरी येऊन त्यांनी ते इंग्रजीत लिहून काढलं आणि मुग्धासमोर उभे राहून म्हणून दाखवलं. "रिस्पेक्टेड कमिटी, काइंडली सी द पावडर..."

"बाबा! नोबडी सेज 'काइंडली सी द पावडर'."

"मग काय म्हणतात?"

"लुक ॲट इट. सिंपल."

"कर्नलसाहेबांना 'लुक' म्हणू? व्हिसा आजच कॅन्सल होईल."

मृणालिनीने शारजाहून नवा आकाशी शर्ट आणला. "चाळीस दिरहॅम, म्हणजे साडेचारशे रुपये झाले," ती म्हणाली, "तेव्हा बटणं तोडू नका. बोलताना हात मागे ठेवा."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर कमिटी जमली. कर्नलसाहेब, शहनाझ, आणखी तीन सभासद. गोळीबाराचा भाग झकास झाला. शहनाझने राखाडी पावडरीची काडतुसं उडवली, कागद सगळ्यांच्या हातातून फिरला. कर्नलसाहेबांनी मात्र सुस्कारा सोडला. "इसमें आग किधर है?"

मग सगळे मागच्या खोलीत आले. भंगाळ्यांनी हात मागे बांधले, तोंड उघडलं, आणि इंग्रजी भाषण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत साफ गेलं. कुठे गेलं कोण जाणे. कर्नलसाहेबांनाच दया आली. "बात छोड़ो. भर के दिखाओ. गिनती ज़ोर से, सब को सुनने का."

हे ऐकून भंगाळ्यांचा जीव भांड्यात पडला. हाताचं काम होतं, तोंडाचं नव्हे. भोकं पाडलेल्या लाकडी पाटात पन्नास पुंगळ्या उभ्या केल्या. पावडर मापायच्या यंत्राची मूठ एकदा खाली ओढली की एक माप पडतं. पुंगळी तोटीखाली धरली.

आता भंगाळ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या धान्याचा व्यापार. ज्वारी मापायला बसलं की पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. लहानपणी आजोबांच्या मांडीला टेकून शिकलेलं हे मोजणं कारखान्यातही सुटलं नाही, इथेही सुटलं नव्हतं. एकटं असताना त्याने काही बिघडायचंही नाही. पण आज मोठ्याने, सगळ्यांना समजेल असं मोजायचं होतं.

भंगाळे सवयीने ओठांतल्या ओठांत "लाभ" म्हणाले आणि मूठ ओढली. मग एकदम आठवलं, मोठ्याने म्हणायचंय. "वन!" म्हणाले, आणि पुन्हा मूठ ओढली. पुंगळी तीच.

राखाडी पापुद्रे पुंगळीच्या काठावरून भसाभस बाहेर आले. टेबलावर, पाटावर, साडेचारशे रुपयांच्या शर्टावर.

"या अल्लाह," अन्वर म्हणाला. त्याच्या मानाने हळू.

दुप्पट मापाचं काडतूस म्हणजे काय, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. ज्या चुकीच्या भीतीने कमिटी जमली होती, नेमकी तीच चूक, पहिल्याच पुंगळीला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शहनाझने हाताची घडी घातली. एक सभासद घड्याळाकडे बघायला लागला.

भंगाळ्यांच्या डोळ्यांपुढे मुग्धाचं भूगोलाचं पुस्तक आलं. यंत्र अडकलं म्हणता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं! पण अठरा वर्षं चुका शोधण्याचा पगार घेतलेल्या माणसाला स्वतःची चूक यंत्रावर ढकलता येईना.

"डबल हो गया," ते म्हणाले. "मशीन ठीक है. गलती मेरी है."

"आखिर वही हुआ," शहनाझ म्हणाली.

"जी. वही हुआ." आणि इथे भंगाळ्यांना काय झालं देव जाणे, बटणाकडे गेलेला हात मध्येच थांबला. "मॅडम, आपने पूछा था ना, हाथ थके तो? ठहरिए."

त्यांनी टेबल ब्रशने साफ केलं, सांडलेली पावडर वेगळ्या भांड्यात काढली, राखाडी डबा झाकण लावून कपाटात ठेवला, कुलूप घातलं. एवढं होईपर्यंत सगळे खोळंबले. मग अन्वरच्या लाडक्या काळ्या पावडरीचा डबा बाहेर आला. नवी पुंगळी घेऊन भंगाळ्यांनी मापाच्या छोट्या चमच्याने एकदा पावडर घातली. मग मुद्दाम, सगळ्यांना दाखवून, दुसऱ्यांदा. पुंगळी कर्नलसाहेबांच्या हातात दिली.

"साहब, देखिए. कितना है?"

कर्नलसाहेबांनी एक डोळा मिटून आत पाहिलं. "कुछ नहीं है. नीचे, थोड़ा."

"डबल है."

कर्नलसाहेबांनी पुंगळी जरा दूर धरली. मग शहनाझला दिली. तिने चष्मा वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"इसके ऊपर गोली बैठ जाती, साहब, आराम से. किसी को पता नहीं चलता," भंगाळे म्हणाले. "और ये काडतूस मॅडम के हाथ में जाता. मैं चौबीस साल से पावडर का काम करता हूँ. आज गलती हुई, कल भी होगी. मैं पावडर आवाज़ देखकर पसंद नहीं करता. बचत देखकर भी नहीं. मुझे ऐसा पावडर चाहिए जो मेरी गलती छुपाए नहीं, सबके सामने मेरे मुँह पे फेंके. वो वाला फेंकता है." त्यांनी शर्टाकडे बोट दाखवलं. "देख लीजिए."

मृणालिनी तिथे असती तर तिला स्वतःच्या कानांवर विश्वास बसला नसता. एवढं लांब वाक्य हा माणूस घरात सुद्धा बोलत नसे.

शहनाझने पुंगळी टेबलावर ठेवली. "तैयार माल वाले ने मुझे ये कभी नहीं दिखाया," ती कर्नलसाहेबांना म्हणाली. "रूम चलने दीजिए. मगर भरते वक़्त दूसरा आदमी साथ खड़ा रहे."

"मैं खड़ा रहूँगा," अन्वर लगेच म्हणाला. मग काळ्या डब्याकडे बघून कसनुसा झाला. "मैं तो इसी की सिफ़ारिश करता था, भाई."

कर्नलसाहेबांचं समाधान मात्र व्हायचं होतं. "लेकिन हुआ क्यों? तुम 'वन' बोला, उसके पहले मुँह में कुछ बोला. मैंने देखा. क्या बोला?"

भंगाळे लाजले. लाभाची सगळी कथा सांगावी लागली, ज्वारीपासून आजोबांपर्यंत. "पहला माप भगवान का नाम जैसा है, साहब. छोड़ा नहीं जाता."

"छोड़ने को कौन बोला? पहले बोलो, पीछे हाथ लगाओ." कर्नलसाहेबांनी तिथल्या तिथे कागद मागवला आणि खोलीचे नियम इंग्रजीत लिहून सही केली. एक, पावडर फक्त राखाडी. दोन, अन्वर हजर असल्याशिवाय भरायचं नाही. तीन, लाभ म्हणताना दोन्ही हात खिशात. सही करून झाल्यावर दारातून वळून म्हणाले, "और ईद के दिन मेरे लिए छह काडतूस आग वाला. सिर्फ़ छह."

"इन्शाल्ला," भंगाळे म्हणाले. गल्फात सहा वर्षं राहून त्यांना एवढं कळत होतं, की नाही कसं म्हणायचं.

घरी मृणालिनीने आधी शर्ट पाहिला, मग चेहरा, आणि मग शर्ट भिजवायला बादलीत पाणी सोडलं. मुग्धाने विचारलं, "सो? डू आय स्टडी ऑर डू आय पॅक?"

"स्टडी," भंगाळे म्हणाले.

"अरे यार," मुग्धा म्हणाली, आणि हसून पुस्तकात घुसली.

शनिवारी सकाळी भंगाळे खोलीत आले तेव्हा अन्वर आधीच हजर होता. नियमांचा कागद भिंतीवर चिकटवलेला, पुंगळ्या पाटात ओळीने उभ्या. भंगाळ्यांनी राखाडी डबा काढला, यंत्र भरलं, आणि हात मुठीकडे नेला.

"रुको!" अन्वर गरजला. "खिसा!"

भंगाळ्यांनी दोन्ही हात खिशात घातले. अन्वरनेही घातले. सैनिकासारखा ताठ उभा राहून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, पठाणी आवाजात तोच आधी म्हणाला, "लाभ."

"लाभ," भंगाळे म्हणाले.

"यल्ला, अब वन."