एस्तेरच्या शेजारचा आवाज

प्रवीणचा फोन आला तेव्हा मी पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. प्रवीण म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, एस्तेरचा नवरा. माझ्याशी तो नेहमी कन्नडमध्ये बोलतो, त्या दिवशीही तसाच बोलला. "गेली, अक्का. पहाटे," एवढं म्हणाला. मग लगेच पुढचं सांगितलं, "उद्या दफन. आमचे पाळक आहेत, विधी कन्नडमध्येच होईल. पण शेवटी ते मराठी गाणं तुम्ही म्हणायचं. तिने सांगून ठेवलंय." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि फोन ठेवला. तिने मलाही सांगितलं होतं. हेब्बाळच्या त्यांच्या घरी आमची शेवटची भेट झाली, तेव्हा उशीला टेकून बसलेली एस्तेर म्हणाली होती, "गायत्री, मला पोहोचवताना आपलं गाणं पाहिजे गं. नाहीतर परक्या गावाला निघाल्यासारखं वाटेल." मी लगेच हो म्हटलं होतं. आजारी माणसाला आपण हो म्हणतोच. आता शेंगा तशाच टाकून, खोलीचं दार लावून ते गाणं म्हणून पाहिलं. मला ते गाणं येत होतं, पण अर्धंच.

अर्धं गाणं कसं येतं, ते सांगायला आमच्या कॉलेजात जायला हवं. बी.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी सगळ्यांनी नाव-गाव सांगितलं. मी मराठी आहे हे कळताच जालन्याकडची एक काळीसावळी, दोन वेण्यांची मुलगी तास संपल्यावर तडक माझ्या बाकावर आली. हात पुढे करून म्हणाली, "सलाम." मी गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. नाव तर एस्तेर सांगितलं होतं. "आम्ही ख्रिस्ती लोक असंच म्हणतो," ती म्हणाली, "आमच्या गावात पाळकसाहेबांपासून अंडीवाल्या मावशीपर्यंत सगळे." पुढच्याच आठवड्यात ती मल्लेश्वरमला आमच्या घरी आली आणि दारातच अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोच सलाम ठोकला. अण्णा जन्मात कधी गडबडले नाहीत. "सलाम, ये, बस," म्हणाले, आणि त्या दिवसापासून फाटकाशी तिची चाहूल लागली की आतूनच मोठ्याने सलाम घालू लागले. आमचं मराठी घराणं इथे कर्नाटकात तीनशे-साडेतीनशे वर्षांचं. आमची मराठी ऐकून ती खदाखदा हसायची. आई तिला वाढताना म्हणायची, "स्वल्प भात घे गं अजून, ऊट बरं झालं नाही का?" ऊट म्हणजे जेवण. एस्तेर म्हणायची, "तुमची मराठी घोड्यावर बसून आलीय, काकू. मध्ये कुठेतरी कर्नाटकात पाणी प्यायला थांबलीय." त्यावर अण्णा म्हणत, "आणि तुझी? देवाशी बोलून बोलून फार शुद्ध झालीय." दोघांचं भलतंच जमायचं.

तिचा आठवडा रविवारी सुरू व्हायचा. आम्ही सगळे सोमवारी तोंड पाडून वर्गात यायचो आणि ही आदल्या दिवशीच सगळं आवरून, नवं वर्ष लागल्यासारखी ताजीतवानी. मंगळवारी प्रयोगशाळा, बुधवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर पोरींची प्रार्थना, शुक्रवारी केस धुणं आणि घरी फोन. कॅन्टीनमध्ये डोसा समोर आला की ती डोळे मिटायची. आम्ही निर्लज्ज मैत्रिणी तेवढ्यात तिची चटणी पळवायचो. ती डोळे न उघडता म्हणायची, "आणि हे प्रभू, माझी चटणी खाणाऱ्यांनाही आशीर्वाद दे," आणि मग शांतपणे उठून दुसरी वाटी घेऊन यायची. तिच्या देवाला मी कधी ओळखलं नाही, पण त्याच्याशी तिची इतकी घरगुती भाषा होती की मला कधीकधी हेवा वाटायचा. आमचे देव सोवळ्यातले. त्यांच्यासमोर चटणीचा विषय निघाला नसता.

रविवारी दुपारी तीनला एका कन्नड चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मराठी उपासना भरायची. भरायची म्हणजे काय, निवृत्त फौजी साळवेकाका, त्यांच्या पत्नी, नर्सिंगच्या दोघी पोरी, कधीमधी बोम्मसंद्राच्या कारखान्यातले दोन-चार जण, आणि पेटीवर एस्तेर. खुर्च्या जास्त, माणसं कमी. एकदा प्रयोगशाळेत ब्युरेट भरता भरता ती म्हणाली, "तुझा आवाज खालचा आहे. आम्हाला आल्टो पाहिजे." तिच्या गावच्या चर्चमध्ये मिशनच्या काळापासूनची रीत अशी, की गाण्याची मूळ चाल काहींनी म्हणायची आणि त्याच वेळी तेच शब्द काहींनी खालच्या, वेगळ्या सुरांत म्हणायचे. हा खालचा भाग म्हणजे आल्टो. दोन्ही मिळाले की हॉल भरून जातो. नुसता आल्टो ऐकला तर त्याला चाल म्हणवत नाही, भिंतीपलीकडे कोणी पुटपुटतंय असं वाटतं. एस्तेरला तिच्या गावचं गाणं गावच्यासारखं ऐकायचं होतं, एवढंच. आईने मात्र तिला समोर बसवून विचारलं, "एस्तेर, हे धर्मबिर्म काही नाही ना गं?" ती म्हणाली, "काकू, देवाचं तिचं ती बघेल. मला फक्त तिचा आवाज पाहिजे." आई म्हणाली, "सरी, मग पाचच्या आत घरी."

शनिवारी आमच्या गच्चीवर तालीम चालायची, बहुतेक वेळा तिच्या आवडत्या या एकाच गाण्याची. मी दर वेळी तिसऱ्या ओळीला घसरून तिच्या चालीत शिरायचे. शेजारी एवढी सरळ, गोड चाल चाललेली असताना आपण खाली रखडत राहायचं, हे गळ्याला पटायचं नाही. ती कोपराला चिमटा काढायची. "माझ्या मागे येऊ नकोस. एका कानात बोट घाल आणि आपलं धर." मग मी एका कानात बोट घालून गायला शिकले. तीन वर्षं तसंच गायले. पुढे साळवेकाका मुलाकडे गेले, पोरी नोकऱ्यांना लागल्या, उपासना बंद पडली. एस्तेरने इथल्याच प्रवीणशी लग्न केलं आणि कन्नड चर्चमध्ये गाऊ लागली. पण आम्ही दोघी भेटलो, की चहा उकळेपर्यंत ते गाणं व्हायचंच. ती वर, मी खाली.

...त्या रात्री मी मोबाइलवर शोधलं. त्याच शब्दांना भलत्याच चाली निघाल्या. तिच्या गावची चाल कुठेच नव्हती. माझ्या कानात ती होती, अगदी जशीच्या तशी. पण तोंड उघडलं की गळा खाली जायचा. तिने चिमटे काढून काढून पक्का केलेला गळा तो, ऐनवेळी वर कसा जाणार? एस्तेरचे वडील पूर्वीच वारले होते. जालन्याहून तिची आई येत होती, पण आईला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुम्ही गा?

कबरस्तानात कन्नड प्रार्थना झाली, मातीही झाली. पाळकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी सुरू केलं आणि व्हायचं तेच झालं. तो खालचा, रखडणारा सूर. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. लोक भिडेखातर जमिनीकडे बघत होते, कोणीतरी खोकलं. मला वाटत होतं, तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेलं मोठं असं हे एकच, आणि ते मी तिच्यासमोर मातीत घालते आहे. तिसऱ्या ओळीला आवाज फुटलाच. तेवढ्यात पलीकडून चाल आली. एस्तेरच्या आई डोक्यावरचा पदर धरून गात होत्या. आवाज म्हातारा, चिरकलेला, पण चाल तीच. माझं बोट आपोआप कानात गेलं. मी माझं धरलं, त्यांनी त्यांचं, आणि आम्ही गाणं शेवटापर्यंत नेलं.

नंतर त्यांनी माझा हात हातात घेतला. "तूच का आमच्या एस्तूची खालची?" म्हणाल्या. "फोनवर सांगायची मला, आई, मला खालची मिळालीय." मला रडू आवरेना. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "वरची चाल शिकून घे, पोरी. मी फोनवर शिकवते. एकटीने म्हणायला तीच लागते."

त्याला आता काही आठवडे झाले. त्यांचा एकदा फोनही येऊन गेला. चाल अवघड नाही, दोन दिवसांत बसेल. पण मी शिकणं पुढे ढकलते आहे आणि खरं सांगायचं तर मला ती शिकायचीच नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकून ओटा पुसताना मी माझा आल्टो म्हणते. आत माझ्या आईच्या खोलीतला रेडिओ बंद होतो. दोन ओळींमध्ये एस्तेर श्वास घ्यायची, तिथे मी थांबते. वरची जागा रिकामी असते. ती माझ्या आवाजाने भरली, तर गाणं पुरं होईल आणि एस्तेरची वाट बघायला मला कुठली जागाच उरणार नाही.